‘लँकी’ हा इंग्रजी शब्द नीट कसा वापरायचा: अर्थ, उच्चार आणि त्याची भावकी

माझा एक जुना विद्यार्थी वेंगुर्ल्याच्या बाजूला समुद्राजवळ घरगुती राहण्या-जेवण्याची सोय चालवतो. मागच्या मोसमात त्याच्याकडे एक परदेशी गृहस्थ उतरले होते आणि त्यांचा मुलगा मडगावहून गाडीने येणार होता. कुडाळ स्टेशनवर त्याला आणायला जायचं म्हणून त्या गृहस्थांनी फोनवर ओळख लिहून पाठवली: ‘ही इज सिक्स्टीन, टॉल अँड लँकी, ब्लू बॅग.’ माझ्या विद्यार्थ्याने ‘लँकी’ म्हणजे लंकेचा, असा अर्थ लावला. वडील गोरे असले तरी आई श्रीलंकेची असेल, असा त्याचा हिशोब. सावळ्या मुलाला शोधत तो अख्खा फलाट फिरला. ज्याला आणायचं होतं तो मुलगा निळी बॅग मांडीवर घेऊन, लांबच लांब पाय पुढे पसरून, समोरच्याच बाकावर वीस मिनिटं बसून होता.

संध्याकाळी त्याने मला विचारलं, “बाई, लँकी म्हणजे नक्की काय?” मी पटकन ‘उंच आणि बारीक’ म्हणून मोकळी झाले. घरी आल्यावर ते उत्तर मला खटकायला लागलं, कारण ते अर्धवट होतं. उंच आणि बारीक तर पोफळही असते. पोफळीला कोणी लँकी म्हणणार नाही. गेली कित्येक वर्षं मी पडवीत बसून मुलांना इंग्रजी शिकवते आणि एवढा साधा शब्द मी नीट उलगडून सांगितला नव्हता. तो आज सांगते.

आधी जीभ वळवून घ्या

अक्षरं पाच: एल, ए, एन, के, वाय. उच्चारासाठी आपल्याकडे आयती शिडी आहे. ‘बँक’ हा शब्द आपण सगळे बरोबर म्हणतो. त्यातला ‘ब’ काढून ‘ल’ ठेवला की ‘लँक’ झालं. त्याला शेवटी ‘की’ जोडा: लँकी. जोर पहिल्या अक्षरावर, आणि शेवटचा ‘ई’ ओढायचा नाही, हलकाच सोडायचा.

मधला अनुनासिक आवाज ‘लंका’मधलाच आहे. म्हणून कानाला घोटाळा होतो. फरक आहे तो स्वराचा: लंकेत ‘अ’, लँकीत ‘ॲ’. दुसरा घोटाळा ‘लकी’शी होतो. घाईत अनुनासिक गिळलं की ‘ही इज लकी’ असं ऐकू जातं आणि समोरचा विचारतो, कसली लॉटरी लागली? दहा वेळा बँक-लँक-लँकी असं म्हणून घ्या. माझ्याकडच्या पाचवीच्या मुलांना यापेक्षा जास्त कधी लागलेलं नाही.

अर्थ: तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात

लँकी म्हणायला माणसात तीन गोष्टी दिसाव्या लागतात. एक, हातपाय लांब. दोन, अंगावर मांस कमी. तीन, त्या लांब हातापायांत एक सैलपणा, म्हणजे अवयव घट्ट बांधलेले नसून खांद्या-कमरेपासून लोंबताहेत असं वाटणं. पहिल्या दोन गोष्टी शब्दकोशात सरळ सापडतात. तिसरी बहुतेक जण विसरतात आणि तिथेच वापर चुकतो.

हा सैलपणा कुठून आला ते शब्दाच्या मुळात बघायला मिळतं. लँकीच्या पोटात ‘लँक’ हा जुना इंग्रजी शब्द आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो ‘ह्लँक’ असा होता आणि त्याचा अर्थ बारीक, रोडावलेला, ढिला पडलेला असा काहीसा होता. आजही ‘लँक हेअर’ म्हणतात ते चपटे, निर्जीव लोंबणाऱ्या केसांना. पावसाळ्यात दमट हवेत केस कितीही विंचरले तरी डोक्याला चिकटून खाली पडलेले राहतात ना, ते लँक हेअर. वारा पडला की होडीचं शीड जसं काठीला लोंबतं, तसं. या ‘लँक’ला ‘वाय’ लागून लँकी झालं आणि ते माणसाच्या हातापायांना चिकटलं. लोंबणं मात्र शब्दाने सोडलं नाही.

आता हे प्रत्यक्ष कसं दिसतं ते सांगते. माझा भाचा मुंबईला असतो, गणपतीत गावी येतो. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा चौदाचा होता आणि एका वर्षात एवढा वाढला होता की मी त्याला पाठमोरा ओळखलाच नाही. आदल्या वर्षीचा शर्ट. मनगटाचं हाड बाहीच्या बाहेर, पँट घोट्याच्या वर. आमचं घर जुनं, माजघराचं दार ठेंगणं. आत येताना त्याचं कपाळ गणेशपट्टीला आपटलं. कपाळ चोळायला हात वर नेला तर कोपर चौकटीला लागलं. पंगतीत मांडी घालून बसला तर गुडघे दोन्हीकडच्या केळीच्या पानांवर. शेजारच्या काकांनी आपलं पान निमूटपणे चार बोटं सरकवून घेतलं. म्हातारी आते पडवीतून म्हणाली, “काय रे झिला, माडासारखो वाढलंस! जेवतंस की नाय?”

तिच्या त्या दोन वाक्यांत लँकी पुरता आला. माडासारखा वाढलेला, ही झाली लांबी. जेवतोस की नाही, हा झाला बारीकपणा. सैलपणा तर पंगतीतल्या गुडघ्यांनी दाखवलाच होता.

त्यातलं गुडघ्याचं निरीक्षण महत्त्वाचं आहे. लँकी माणसाची लांबी धडात नसते, हातापायांत असते. अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन सहा फूट चार इंच उंच होते आणि इंग्रजीत त्यांचं वर्णन करताना हा शब्द हमखास येतो. त्यांचे वकिलीतले भागीदार विल्यम हर्नडन यांनी लिहून ठेवलं आहे की लिंकन खुर्चीवर बसले की इतर माणसांपेक्षा उंच दिसत नसत, उभे राहिले की मगच त्यांची उंची कळे. बसल्यावर त्यांचे गुडघे इतके वर येत की गुडघ्यावर गोटी ठेवली तर ती कमरेच्या दिशेने घरंगळत आली असती, असंही ते लिहितात. माणूस लँकी आहे की नुसता उंच, याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. त्याला बसलेला बघा. बसल्यावरही सगळ्यांत उंच दिसत असेल, तर तो फक्त टॉल.

कोणाला म्हणायचं, कशाला नाही

माणसांना म्हणायचं, त्यातही मुलग्यांना आणि पुरुषांना जास्त. पोरींना, बायकांनाही म्हणतात, त्यात चूक काही नाही, पण वापर कमी. वयाचं बंधन नाही. पन्नाशीचा माणूसही लँकी असू शकतो. प्राण्यांना चालतं: शिंगरू, शिकारी जातीचा लांबट कुत्रा, जिराफ. अवयवांना थेट चालतं: लँकी आर्म्स, लँकी लेग्ज, लँकी लिम्ब्ज. एकूण बांध्याला चालतं: लँकी फ्रेम, लँकी बिल्ड, लँकी फिगर. या जोड्या पाठ करून ठेवा, इंग्रजी लिहिणारे त्या सतत वापरतात.

चालत नाही ते असं. उंचीला नाही, ‘लँकी हाइट’ हे आपल्याकडच्या वह्यांत नेहमी दिसतं आणि ते चूक आहे. इमारतीला नाही, रस्त्याला नाही, दोरीला नाही. केसांना तर मुळीच नाही, तिथे वर सांगितलेला ‘लँक’ वेगळा. लांबसडक बोटांनाही नको, ती सुंदर म्हणून सांगायची असतील तर ‘लाँग, स्लेंडर फिंगर्स’.

पोफळीला का नाही, हे आता कळेल. पोफळ उंच आणि बारीक आहे खरी, पण ती सरळ सोट उभी. तिला कोपर नाही, गुडघा नाही, लोंबणारं काही नाही. बागकामाच्या इंग्रजीत रोपांना कधीकधी लँकी म्हणतात, पण तिथेही जास्त चालणारा शब्द वेगळाच आहे. तो पुढे येतो.

एक लहानसं लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये पहिलं अक्षर मोठं करून ‘लँकी’ लिहिलं असेल तर ते लँकशर परगण्याच्या बोलीबद्दल किंवा तिथल्या माणसाबद्दल असतं. त्याचा हातापायांशी संबंध नाही.

शब्दाची भावकी: कोण किती जवळचा

खरं शिकणं इथे आहे. एकटा शब्द पाठ करून उपयोग होत नाही, त्याच्या शेजारी कोण राहतं ते माहीत हवं.

सगळ्यांत जवळचा ‘गँगली’, ज्याला ‘गँगलिंग’ असंही म्हणतात. लँकीत बांधा दिसतो, गँगलीत चालही दिसते. हातपाय नवे मिळालेत आणि ते कुठवर पोचतात याचा अंदाज अजून आलेला नाही, असा जो वयात येणारा पोरगा, तो गँगली. गणेशपट्टीला कपाळ आणि चौकटीला कोपर आपटणारा माझा भाचा त्या वर्षी लँकी तर होताच, पण गँगलीही होता. यामागे शरीराचं कारण आहे. वयात येताना सगळं अंग एकदम वाढत नाही. आधी पंजे आणि पावलं, मग हातपाय, आणि धड शेवटी. म्हणून वर्ष-दोन वर्षं पोरं नुसती हातापायांची दिसतात आणि त्यांच्या हातून पाण्याचे तांबे कलंडतात. त्यांना धांदरट म्हणून ओरडू नका, त्यांच्या हाताची लांबी खरंच बदललेली असते. इंग्रजीत अशा मुलाला ‘ही इज ऑल आर्म्स अँड लेग्ज’ असंही म्हणतात.

गँगलीचं मूळ मला फार आवडतं. जुन्या इंग्रजीत ‘गँग’ म्हणजे चालणं. होडीतून धक्क्यावर उतरायला फळी टाकतात तिला ‘गँगवे’ म्हणतात, तो हाच गँग. आणि भाषेचे अभ्यासक या धातूचं नातं संस्कृत ‘जंघा’शी जोडतात, जिच्यावरून आपली ‘जांघ’ आली. म्हणजे वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा गँगवे, आपली जांघ आणि तो गँगली पोरगा ही एकाच मुळाची माणसं.

दुसरा ‘लेगी’. यात फक्त पाय लांब. हातांचं काही म्हणणं नाही. आमच्या बाजूला खाजणात आणि शिरोड्याच्या मिठागरांकडे शेकाट्या नावाचा पक्षी बघा. काळे पंख, पांढरं अंग, सरळ बारीक चोच, आणि खाली गुलाबी काड्यांसारखे पाय. ते अंगाच्या मानाने इतके लांब की उडताना शेपटीच्या मागे बरेच बाहेर लोंबतात. इंग्रजीत त्याचं नावच ‘स्टिल्ट’, म्हणजे पायाला बांधून चालायचे उंच बांबू. शेकाट्या लेगी आहे. बगळ्याची मानही लांब, पायही लांब, मान आखडून उभा राहिला की खांदे पडलेले दिसतात, त्याला लँकी म्हणायला माझी हरकत नाही.

लेगीचे आणखी दोन वापर आहेत. बायकांबद्दल, विशेषतः मॉडेलबद्दल हा शब्द येतो तेव्हा त्यात पायांच्या सौंदर्याकडे रोखलेली नजर असते, म्हणून शाळकरी मुलांनी तो तसा वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरा वापर रोपांचा, आणि तो फार कामाचा. मिरचीचं बी ट्रेमध्ये पेरून ट्रे पडवीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवला, तर आठवड्याभरात रोपं दोऱ्यासारखी उंच होतात, फिकी पडतात आणि मान टाकतात. ऊन कमी मिळालं म्हणून ती उजेडाच्या शोधात नुसत्या दांड्याने वाढलेली असतात. अशा रोपांना ‘लेगी सीडलिंग्ज’ म्हणतात. आंब्याच्या सावलीत पडलेला भाताचा तरवाही असाच होतो. मोबाइलवर इंग्रजीत माहिती शोधताना हा शब्द माहीत असेल तर उपाय पटकन सापडतो.

‘रेंजी’ हा जनावरांसाठी आणि दमदार माणसांसाठी. पाय लांब, अंग सडसडीत, पण दूरवर चालत जायची ताकद असलेला. त्यात सैलपणा नाही. ‘स्पिंडली’ म्हणजे बारीक आणि कमकुवत. स्पिंडल म्हणजे चरख्याची चाती. नुकतं जन्मलेलं वासरू उभं राहायला धडपडतं तेव्हा त्याचे पाय स्पिंडली. जुन्या तिवईचे लटपटणारे पायही स्पिंडली, म्हणजे हा शब्द वस्तूंनाही चालतो. ‘बीनपोल’ हे नाम आहे, विशेषण नव्हे: शेंगांचा वेल चढवायला रोवलेली काठी. चिडवायला म्हणतात.

आता एक असा शब्द जो आपल्या किनाऱ्याला पुरेपूर लागू पडतो आणि मुलं त्याच्या जागी चुकून लँकी लिहितात. तो म्हणजे ‘वायरी’. आमच्याकडे नारळ पाडायला पाडेली येतो. उंच आहे, अंगावर चरबीचा कण नाही, हात लांब. पण तो माडावर चढताना बघा. पाय खोडाला धरतात, गुडघा वर येतो, हात पुढे जातो, आणि एकही अवयव फुकट हलत नाही. दंडावरच्या शिरा दोरीसारख्या ताणलेल्या. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे गडीही तसेच. यांना लँकी म्हणणं म्हणजे चुकीची माहिती देणं, कारण तिसरी गोष्ट, तो सैलपणा, त्यांच्यात औषधालाही नाही. हे लोक ‘वायरी’ किंवा ‘लीन’.

कौतुकाचे शब्द वेगळे. ‘स्लिम’, ‘स्लेंडर’ यांत बांधा आवडल्याची कबुली आहे. ‘विलोई’ हा उंच, लवचिक, डौलदार स्त्रीसाठी. विलो हे एक झाड. त्याच्या फांद्या वाऱ्यावर झुलतात, त्यावरून तो शब्द आला. आपण तिथे चवळीची शेंग म्हणतो. दुसऱ्या टोकाला ‘स्किनी’ आणि ‘स्क्रॉनी’, म्हणजे हाडं दिसण्याइतका बारीक, उंची कितीही असो. आणि ‘गाँट’ तर फारच गंभीर. आजाराने, उपासमारीने, काळजीने गाल बसलेला माणूस गाँट. बरं नसलेल्या माणसाला लँकी म्हटलं तर दुःख झाकलं जातं आणि धडधाकट पोराला गाँट म्हटलं तर वाचणारा घाबरतो.

मराठीत आणायचा कसा

एका शब्दात येत नाही, आणि तसा हट्टही धरू नये. मराठीने हे काम वाटून दिलं आहे. ‘काटकुळा’, ‘किडकिडीत’ यांत बारीकपणा आहे. ‘ताडमाड’, ‘लांबलचक’ यांत लांबी. ‘लंबूटांग’मध्ये पाय आहेत, पण चिडवण्याचा सूर मोठा. ‘सडपातळ’ आणि ‘सडसडीत’ हे गोड शब्द, स्लिमच्या घरचे. ‘शिडशिडीत’ चपळ माणसाला, तो वायरीच्या जवळ. ‘उंचपुरा’ तर उलटा आहे, कारण त्यात ‘पुरा’ म्हणजे अंगाने भरलेला.

तेव्हा वाक्य मोडून बांधायचं. ‘अ लँकी बॉय ओपन्ड द डोअर.’ याचं ‘एका काटकुळ्या मुलाने दार उघडलं’ असं केलं तर मुलगा बुटकाही वाटू शकतो. ‘एका उंच मुलाने’ केलं तर बांधा गेला. मी असं करीन: ‘दार उघडलं ते एका लांब हातापायांच्या किडकिडीत पोराने.’ चालण्याचं वर्णन असेल तर मराठीत क्रियापदाची मदत घ्यावी. आपल्याकडे ‘लांब ढांगा टाकत’ हा फार चांगला वाक्प्रचार आहे. ‘द लँकी मॅन क्रॉस्ड द यार्ड’ याचं ‘तो हाडकुळा माणूस लांब ढांगा टाकत अंगणातून गेला’ असं केलं की हातापायांची लांबी विशेषणात न अडकता चालण्यातून दिसते.

उलट दिशेने, मराठीतून इंग्रजीत जाताना मुलं ‘उंचपुरा’ला लँकी लिहितात. ही चूक मी वहीत सगळ्यांत जास्त वेळा दुरुस्त केली आहे. उंचपुरा म्हणजे ‘टॉल अँड वेल-बिल्ट’. ठेंगणाठुसका असेल तर ‘स्टॉकी’, हा लँकीचा खरा विरुद्धार्थी.

वाक्यात बसवताना

लँकी नामाच्या आधी येतो आणि क्रियापदानंतरही: ‘अ लँकी टीनएजर’, ‘ही इज लँकी’. तुलनेत शेवटचा वाय जाऊन आय येतो: लँकियर, लँकियस्ट. ‘मोअर लँकी’ लिहायची गरज नाही. नाम हवं असेल तर लँकिनेस.

दोन-तीन विशेषणं एकत्र आली तर क्रम असा: आधी उंची, मग बांधा, मग वय. ‘अ टॉल, लँकी यंग मॅन.’ ‘यंग लँकी टॉल मॅन’ हे कानाला टोचतं. ‘टॉल’ आणि ‘लँकी’ एकत्र लिहिले तर पुनरुक्ती होते का, असं मुलं विचारतात. थोडी होते, पण इंग्रजी बोलणारे सर्रास तसं म्हणतात, म्हणून मी गुण कापत नाही.

आणि विशेषण लिहून थांबू नका. लँकी लिहिल्यावर लगेच एक दिसणारी गोष्ट जोडा. ‘ही वॉज अ लँकी बॉय, अँड हिज रिस्ट्स केम आउट ऑफ हिज स्लीव्ह्ज.’ बाहीतून बाहेर आलेली मनगटं दिसली की वाचणाऱ्याला शब्द माहीत नसला तरी माणूस कळतो. दहावीच्या मुलांना मी व्यक्तिवर्णनासाठी हाच नियम लावते: एका विशेषणामागे एक पुरावा.

शब्द लागतो, हे विसरू नका

लँकी शिवी नाही, पण कौतुकही नाही. सूर कुठे जाईल हे कोण कोणाला म्हणतंय यावर ठरतं. क्रिकेटच्या इंग्रजी बातम्यांत उंच वेगवान गोलंदाजाला ‘लँकी पेसर’ म्हणायची जुनी पद्धत आहे. ईशांत शर्माबद्दल हे असंख्य वेळा छापून आलं, आणि संघात त्याला लंबू म्हणायचे हेही सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात कमीपणा नाही, कारण लांब हातामुळे चेंडू वरून सुटतो आणि जास्त उसळतो. 2008 च्या जानेवारीत पर्थला त्याने रिकी पाँटिंगला ज्या षटकांत हैराण केलं, ती आठवली की लँकी हा गुण वाटायला लागतो. 105 कसोटींत 311 बळी घेतलेल्या माणसाच्या बाबतीत हा शब्द मानानेच उच्चारला जातो.

तोच शब्द नववीतल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात, किंवा वर्गात सगळ्यांसमोर म्हटला तर त्याची मान खाली जाते. मुलींचं तर जास्तच. माझ्या एका विद्यार्थिनीने उंचीमुळे पाठीला पोक काढून चालायची सवय लावून घेतली होती, कारण घरीदारी सगळे तिला लंबू म्हणायचे. स्थळाच्या माहितीत, नोकरीच्या अर्जात, ओळखपत्रावर लँकी लिहू नका. तिथे ‘टॉल, स्लिम’ पुरेसं आहे. हरवलेल्या माणसाचं वर्णन देताना ‘टॉल, थिन बिल्ड’ आणि सोबत उंचीचा आकडा. गोष्टीत, आठवणीत, खेळाच्या बातमीत आणि स्टेशनवर कोणाला ओळखायला सांगताना मात्र बिनधास्त लिहा.

थोडा सराव

उत्तर वाचायच्या आधी प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारा: हातपाय लांब आहेत का, अंग बारीक आहे का, सैलपणा आहे का?

मच्छी लिलावात टोपली उचलणारा, उंच, रुंद खांद्यांचा गडी. बारीक नाही, म्हणून लँकी नाही. ‘टॉल अँड बर्ली.’

दशावतारात स्त्रीवेश घेणारा सडपातळ नट, ज्याच्या हातांच्या हालचाली मोजून-मापून होतात. हात लांब असतील, अंग बारीक असेल, पण सैलपणा नाही. ‘स्लेंडर’, हवं तर ‘ग्रेसफुल’.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा पोरगा. एसटीच्या दोन बाकांमध्ये त्याचे गुडघे मावत नाहीत म्हणून तो पाय वाटेत काढून बसलाय आणि प्रत्येक थांब्यावर उतरणाऱ्यांसाठी आत ओढून घेतोय. तिन्ही उत्तरं ‘हो’. लँकी.

आणि शेवटचा, माझा भाचा. यंदा गणपतीत तो पुन्हा आला. माजघराच्या दारातून आत येताना मान आपोआप वाकली, गणेशपट्टीच्या दोन बोटं खालून डोकं गेलं, हातातलं मोदकांचं ताट जराही हललं नाही. खांदे भरले आहेत, शर्ट नवा आणि मापाचा आहे. पंगतीत गुडघे अजून शेजाऱ्याच्या पानापर्यंत जातात, तेवढं राहिलंय. गँगली नाही. लँकी म्हणावं का? मी मुलांना विचारलं. एकीने वहीत लिहिलं, ‘स्टिल अ लिटल लँकी, व्हेन ही सिट्स.’ तिला मी पूर्ण गुण दिले.